पुन्हा घेतलेला दुधाचा पेला

लेक सहा आठवड्यांची होती. मार्चचा शेवट, नागपुरात दुपारचे कूलर सुरू झाले होते. पहाटे साडेचारला तिचं लंगोट बदलताना हिरवट, चिकट शीमध्ये मला एक लाल रेघ दिसली. शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक आणि बोटाच्या पेराएवढी लांब. आधी वाटलं, नव्या दुपट्याचा रंग सुटला असेल. ओला कापूस लावून पाहिला. रक्तच होतं. मी ते लंगोट धुतलं नाही. सकाळपर्यंत तसंच गुंडाळून ठेवलं आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. पुढे तो फोटोच सगळ्यात उपयोगी पडला.

आता मागे वळून पाहते तेव्हा कळतं, की त्याआधीचे तीन आठवडे ती सांगतच होती. दूध पिता पिता अचानक तोंड काढून पाठीची कमान करायची आणि जोरात रडायची. शीमध्ये शेंबडासारखी आव असायची. दोन्ही गालांवर खरखरीत लाल चट्टे उठले होते. पण प्रत्येक गोष्टीला घरात एक उत्तर तयार होतं. रडते म्हणजे पोटात वारा धरला. गाल लाल म्हणजे उष्णता. फारच रडली तर दृष्ट. मीठ-मोहऱ्या ओवाळून व्हायच्या, पोटावर हिंगाचं पाणी लावून व्हायचं. मीही त्यावर विश्वास ठेवत होते, कारण ती अंगावरचं दूध भरपूर पीत होती आणि तिचं वजन वाढत होतं.

आणि मी काय खात होते? बाळंतपण नागपूरच्या महाल भागातल्या सासरच्या घरीच झालं. माझी आई सव्वा महिन्यासाठी वर्ध्याहून आली होती. दोघी आयांनी मिळून माझी इतकी काळजी घेतली, की आजही आठवलं तरी भरून येतं. सकाळी उठल्याबरोबर दुधातून शतावरी कल्प. दहाच्या सुमारास हळिवाची खीर. जेवताना वरणभातावर तुपाची धार, वर ताक. चार वाजता डिंकाचा लाडू आणि आईनं वर्ध्याहून आणलेला गोरसपाक, म्हणजे गाईच्या तुपातली बिस्किटं. रात्री खारीक-बदामाची पूड घातलेलं पेलाभर दूध. गवळ्याला सांगून एक लिटर म्हशीचं दूध वाढवून घेतलं होतं आणि ते जवळजवळ सगळं माझ्याच पोटात जात होतं. कंटाळा केला तर सासूबाई म्हणायच्या, "बाळंतिणीनं दूध नाही प्यायलं तर अंगावर दूध येईन कुठून?"

घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. फोटो नीट पाहिलाच गेला नाही. दोन मिनिटांत उत्तर मिळालं: बाळाला लॅक्टोज पचत नाही, हे थेंब द्या, अंगावरचं हळूहळू थांबवा आणि लॅक्टोज-फ्री पावडर सुरू करा. अंगावरचं थांबवा, हे ऐकून माझे हातपाय गळाले. तरी आम्ही पावडरचा डबा आणला. दिवसातून दोन वेळा ते दूध दिलं. चौथ्या दिवशी एका रेघेच्या तीन रेघा झाल्या. त्या रात्री मी डबा उचलून माळ्यावर टाकला आणि तिला छातीशी घेऊन बसून राहिले. माझ्याच दुधानं तिला त्रास होतोय, हा विचार कुणा आईच्या मनात येऊ नये.

एका नातेवाईक बाईंनी रामदासपेठेतल्या, मुलांच्या पोटाचे विकार पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमचं नाव सुचवलं. लेक तेव्हा आठ आठवड्यांची झाली होती. मॅडमनी आधी बाळाला पूर्ण उघडं करून तपासलं. शीच्या जागी चीर पडली आहे का ते पाहिलं. जन्मल्यावर रक्तस्राव टाळणारं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का, माझ्या स्तनाग्रांना भेगा पडल्यात का, हेही विचारलं. बाळानं आईचंच रक्त गिळलं तरी ते शीमध्ये उतरू शकतं, हे मला तेव्हा कळलं. मग वजन. जन्माला २.९ किलो होती, आता ४.६. त्या म्हणाल्या, "बाळ छान वाढतंय, हसतंय, ताप नाही, उलट्या नाहीत. घाबरू नका." आणि मग पेन हातात घेऊन विचारलं, "आता सांगा, तुम्ही दिवसभरात काय काय खाता?"

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. शतावरी कल्प, हळीव, लाडू, ताक. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येऊ लागलं.

त्यांनी जे समजावलं, ते पुढच्या वर्षभरात मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की तोंडपाठ झालंय. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवायला लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. ते कमी पडलं की पोट फुगतं, पातळ होतं, पण त्यानं शीमध्ये रक्त येत नाही. शिवाय आईच्या दुधातच लॅक्टोज सगळ्यात जास्त असतं, १०० मिलिलिटरमागे सुमारे ७ ग्रॅम. गाईच्या दुधात पाचाच्या आत. आणि ते आईच्या खाण्यातून येत नाही, छातीतच तयार होतं. म्हणजे मी दूध पिणं सोडलं तरी तिच्या पोटात जाणारं लॅक्टोज तेवढंच राहणार. जन्मजात लॅक्टोज न पचणं अतिशय विरळ. मोठा जुलाब होऊन गेल्यावर बाळांना काही दिवस तसा त्रास होतो, तो वेगळा.

ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. दही विरजताना केसिन गोठतं आणि वर सुटणाऱ्या पाण्यात व्हे असतं. मी प्यायलेल्या दुधातल्या प्रथिनांचे अगदी सूक्ष्म अंश माझ्या दुधातून तिच्यापर्यंत जात होते आणि तिच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आणत होते. त्या पावडरच्या डब्यातून लॅक्टोज काढलेलं होतं, पण गाईचं प्रथिन होतं तसंच होतं. म्हणून रेघा वाढल्या. "तुमच्या दुधात काहीही दोष नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाजणं सोडायचं नाही. तुम्ही दूध सोडायचं." मी तिथेच रडले. आठ आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला पाजायला सांगितलं होतं.

नवऱ्यानं विचारलं, रक्ताची एखादी तपासणी करून खात्री होईल का? मॅडम म्हणाल्या, दुधाची ॲलर्जी दोन तऱ्हेची असते. एकीत दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, कधी श्वास कोंडतो. तिथे रक्ताची आणि कातडीवरची तपासणी उपयोगी पडते आणि असं काही दिसलं तर घरी प्रयोग न करता थेट दवाखाना गाठायचा. आमची दुसरी तऱ्हा, सावकाश येणारी. तिच्यात त्या तपासण्या कोऱ्याच येतात. इथे तपासणी एकच: दूध पूर्ण बंद करायचं, लक्षणं जातात का पाहायचं, आणि मग ठरवून पुन्हा सुरू करायचं. तेव्हा ती परत आली, तरच निदान पक्कं. तो "पुन्हा सुरू" हा शब्द मी त्या दिवशी ऐकला, पण मनावर घेतला नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई मटकन खालीच बसल्या. "माय वो, म्हणजे मीच देऊन राहिली होती का तिला?" मी त्यांचा हात धरून सांगितलं, की आई, तुम्ही मला दिलं ते प्रेमानंच दिलं, कुणाला कसं कळणार? पण त्यांना ते लागलं ते लागलंच. माझ्या आईनं एक तोडगा काढला: बकरीचं दूध. "सेवाग्रामात बापू बकरीचंच घेत होते, हलकं असतं." मी फोन करून विचारलं. मॅडम म्हणाल्या, गाय, म्हैस, बकरी, तिघींची प्रथिनं इतकी सारखी की गाईचं न चालणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना बकरीचंही चालत नाही. तोही रस्ता बंद.

तुपाचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. तूप म्हणजे नुसता स्निग्धांश, त्यात दूध कुठे राहिलं, असं सासूबाईंचं म्हणणं, आणि मलाही ते पटत होतं. पण गुरुवारी त्यांनी लोणी कढवलं. तूप गाळून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी तांबूस, खमंग बेरी राहिली. लहानपणी याच बेरीत साखर घालून आम्ही भांडायचो. मी चमच्यानं ती खरवडली आणि लक्षात आलं, हेच तर ते प्रथिन, दुधाचं जळलेलं घन. कितीही बारीक फडक्यातून गाळलं तरी त्याचा थोडा अंश तुपात राहणारच. सासूबाईंना पातेलं दाखवलं. त्यांनी काही न बोलता माझ्या ताटातली तुपाची वाटी उचलली. त्या दिवसापासून माझ्या वरणाला जवसाच्या तेलाची फोडणी पडू लागली. आमच्या विदर्भात ते तेल परकं नाही.

लाडू तिळाच्या तेलात वळले. हळीव नारळाच्या दुधात शिजवले, आणि खरं सांगते, ते जास्त चांगले लागले. ताकाऐवजी कैरीचं पन्हं आणि बेलाचं सरबत. चहा कोरा. पाजणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणून मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि आहारातून नाचणी व तीळ घ्यायला सांगितलं. नाचणी आमच्याकडे ज्वारीसारखी रोजच्या भाकरीची नाही, ती इतवारीच्या बाजारातून आणली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तिळात हजाराच्या वर. पण एप्रिलच्या उन्हात तीळ? सासूबाई अडून बसल्या. शेवटी भाकरीसोबत चमचाभर तिळाची चटणी, यावर तडजोड झाली.

मी एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर मी काय खाल्लं, उजव्या पानावर तिची शी: वेळ, रंग, आव, रक्त. सहाव्या दिवशी पहिल्यांदा उजव्या पानावर "रक्त नाही" असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. नवव्या दिवशी पुन्हा एक लाल ठिपका. मी डावं पान तीनदा वाचलं. दूध नाही, तूप नाही, दही नाही. मग दिसलं: कोऱ्या चहासोबत चार बिस्किटं. पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत मिल्क सॉलिड्स. आपल्याकडे पुड्यावर ॲलर्जीकारक घटक लिहिणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमाप्रमाणे बंधनकारक आहे आणि दूध त्या यादीत आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यानंतर घरात येणारा प्रत्येक पुडा मी आधी उलटा करून वाचायचे. व्हे पावडर, केसिनेट, दुग्धघन, खवा, सगळं दूधच. ब्रेड, टोस्ट, सूपच्या पुड्यासुद्धा. आपली संत्रा बर्फीही घरी आली की तशीच बाजूला ठेवली जायची.

दोन आठवड्यांत आव गेली. तिसऱ्या आठवड्यात गालावरची कातडी मऊ पडायला लागली. पाठीची कमान थांबली. ती पिता पिता झोपून जाऊ लागली आणि मी पहिल्यांदा सलग चार तास झोपले.

आणि चौथा आठवडा संपला तेव्हा मॅडमनी फोनवर सांगितलं, आता दूध सुरू करा.

मी नाही म्हणाले. इतक्या कष्टानं बरी झालेली लेक, तिला जाणूनबुजून पुन्हा त्रास द्यायचा? आई म्हणाली, कशाला, मिळालं ना उत्तर. नवराही माझ्याच बाजूनं. मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, या वयात असं रक्त काही बाळांत आपोआपही थांबतं. तसं झालं असेल तर तुम्ही वर्षभर विनाकारण दूध सोडाल, पुढे मूलही विनाकारण दह्यादुधावाचून वाढेल, आणि तिच्या कागदावर कायमची ॲलर्जी लागेल. तुम्हाला खात्री हवी की अंदाज? त्रास झाला तर एखादी रेघ दिसेल, आपण लगेच थांबू.

मेच्या मध्यावर, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस लागायच्या आधी, एका सोमवारी सकाळी सासूबाईंनी स्टीलच्या पेल्यात दूध आणून ठेवलं. वर सायीचा जाड पापुद्रा. ठेवलं आणि त्या तिथे थांबल्या नाहीत. देवघरात जाऊन बसल्या. मी पहिला घोट घेतला तेव्हा ते इतकं गोड लागलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी लेक शेजारच्या दुपट्यावर हातपाय हलवत माझ्याकडे बघून हसत होती. पूर्ण पेला संपवला. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी दूध आणि वाटीभर दही. रात्री ती अस्वस्थ झाली, पाय पोटाशी घेऊ लागली. बुधवारी सकाळी आव, आणि आवेत तीच लाल रेघ. तसाच दोरा.

मी वहीत वेळ लिहिली: सहा वाजून दहा मिनिटं. मला वाईट वाटलंच, पण घाबरायला झालं नाही. सहा आठवड्यांपूर्वी तीच रेघ पाहून माझा श्वास अडकला होता. या वेळी तिचं नाव, कारण आणि तिला घालवायचा रस्ता, तिन्ही मला माहीत होतं. दूध बंद केलं. पाचव्या दिवशी लंगोट स्वच्छ. मॅडमनी फाइलवर निदान लिहिलं: गाईच्या दुधातील प्रथिनांची सावकाश येणारी ॲलर्जी. त्या आधी तिथे प्रश्नचिन्ह होतं, ते त्यांनी माझ्यासमोर खोडलं.

माझं आता ठाम मत आहे की ही पायरी गाळू नये. ज्यांच्या मुलांना श्वासाचा, गांधींचा, सपाटून उलट्यांचा त्रास झाला असेल, त्यांनी ती दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर करायची. पण बाकीच्यांनी नुसतं बंद करून थांबू नये. माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, सात वर्षांचा. तान्हा असताना कुणीतरी दूध बंद करायला सांगितलं आणि पुन्हा कुणी तपासूनच पाहिलं नाही. तो वाढदिवसाला दुसऱ्यांच्या ताटातल्या केककडे बघत बसतो. त्याला खरंच चालत नाही, की चालतं, हे आजही कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या आईला मी माझी वही नेऊन दाखवली आहे.

पुढचे महिने सरळ गेले. पोळ्याच्या आठवड्यात तिचं उष्टावण केलं. चांदीच्या वाटीत मऊ भाताची खीर, नारळाच्या दुधातली, गूळसुद्धा न घालता. जमलेल्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं, तरी एका मावशीनं बोटावर पुरणाचं तूप घेतलंच होतं. सासूबाईंनीच तिचा हात अडवला. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्या मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. 'रोगराई घेऊन जा गे मारबत'चा ओरडा घरात ऐकू येत होता. परत आल्या तेव्हा आवाज बसलेला होता.

नवव्या महिन्यात मॅडमनी आधी मला दूध घेऊन पाहायला सांगितलं. पंधरा दिवस घेतलं, काही झालं नाही. मग तिची पाळी. गालावर चट्टे येऊन गेले होते म्हणून आधी रक्त तपासून, झटक्यात येणारी ॲलर्जी नाही याची खात्री केली. त्यानंतर पायऱ्या: दूध घालून भट्टीत भाजलेल्या बिस्किटाचा नखाएवढा तुकडा, मग अर्धं, मग पूर्ण. मग दूध घातलेलं धिरडं. जास्त वेळ भाजलेल्या पिठातलं दूध शरीराला सगळ्यात सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथून. प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबायचं, वहीत लिहायचं, मगच पुढची. एकदा दोन दिवस आव दिसली, तेव्हा एक पायरी खाली उतरून पंधरा दिवस थांबलो. बहुतेक मुलांची ही तऱ्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षात सुटते, असं मॅडमनी सांगितलंच होतं, पण घाई केली नाही.

पहिला वाढदिवस होऊन महिना झाल्यावर दह्याची पायरी आली. सासूबाईंनी आदल्या रात्री छोट्या सटात वेगळं विरजण लावलं. दुपारी मऊ भातात दोन चमचे कालवले. लेकीनं पहिला घास थुंकला, दुसरा चाखला आणि तिसऱ्यासाठी वाटीच ओढली. संध्याकाळ गेली, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा पाळणा रिकामा होता. बाहेर आले तर सासूबाई अंगणात, उजेडाकडे तोंड करून, चष्मा लावून लंगोट निरखत होत्या. लेक त्यांच्या कडेवर होती.

"ये ना, तू पण पाह्यून घे," त्या म्हणाल्या. "मला तर काही दिसून नाही राहिलं."

मी पाहिलं. काही नव्हतं.